रिफिल होणारे लायटर, रोजचे आणि महागडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायटर घ्यायचा, पण पुन्हा पुन्हा भरता येणारा घ्यायचा, असं ठरवलं की पुढे प्रश्नांची रांग लागते. शंभर रुपयांतही असा लायटर मिळतो आणि लाखालाही मिळतो. दोघांत नेमका फरक काय, कोणता कोणाला परवडतो आणि घेतल्यावर तो जिवंत कसा ठेवायचा, याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सिगारेट ओढा असं कोणाला सुचवायचं नाही. आमच्या ओळखीत लायटर जमवणारे निम्मे लोक तर उदबत्तीपलीकडे काही पेटवत नाहीत.

महागड्या लायटरची ज्योत वेगळी असते का?

नाही. गॅसचा लायटर असेल तर दोन्हीकडे ब्यूटेनच जळतो आणि तो सारखाच जळतो. लाखाच्या लायटरने सिगारेट जास्त पेटत नाही.

पैसे जातात ते बाकीच्या गोष्टींना. धातूचं अंग ठोकळ्यातून कोरलेलं आहे की पातळ पत्रा वाकवून केलेलं आहे, बिजागरी दहा वर्षांनी सैल पडणार की नाही, व्हॉल्व्ह किती नेमका बसवलाय, हे पाहायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बिघडल्यावर तो उघडून दुरुस्त करता येतो का आणि करणारा माणूस तुमच्या आवाक्यात आहे का. खरेदीआधी शेवटचा प्रश्न विचारणारे फार कमी भेटतात. विचारायला हवा तो हाच.

‘रिफिल होणारा’ ओळखायचा कसा?

गॅसच्या लायटरच्या बुडाशी मधोमध एक बारीक धातूची नळी दिसते, तोच भरायचा व्हॉल्व्ह. पण तेवढ्यावर भुलू नका. टपरीवरच्या बऱ्याच लायटरना व्हॉल्व्ह असतो, ठिणगी पाडणारा खडा बदलायची सोय मात्र नसते. गॅस कितीही भरला तरी खडा झिजला की खेळ खलास. दोन्ही जमत असेल तरच त्याला खऱ्या अर्थाने रिफिल होणारा म्हणायचं. बिक कंपनीचा साधा लायटर चांगला टिकाऊ आहे, पण तो भरायचा नसतो. संपला की टाकायचा.

पेट्रोलचा घ्यावा की गॅसचा?

आपल्याकडे ज्याला सर्रास ‘पेट्रोलचा लायटर’ म्हणतात, त्यात खरं तर नॅफ्था असतो, म्हणजे पेट्रोलियमचाच एक हलका, पटकन उडणारा भाग. आत कापूस ठासलेला, त्यात नॅफ्था मुरलेला आणि वर निघालेली वात. म्हणजे पणतीच, फक्त खिशात मावणारी. वाऱ्यात ती गॅसच्या साध्या ज्योतीपेक्षा कितीतरी चांगली टिकते. थंडीतही चालते. कुठलाही सुटा भाग घरबसल्या बदलता येतो.

दोष दोन. एक, वास. पहिल्या झुरक्याला नॅफ्थाची चव येते अशी तक्रार जवळजवळ सगळे करतात. पाइप आणि सिगार ओढणारे बरेच जण तर त्याला हातही लावत नाहीत. दुसरा दोष जास्त त्रासाचा. झाकण घट्ट बंद होत नसल्याने इंधन न वापरताही उडून जातं. भरून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि आठ-पंधरा दिवसांनी काढला तर कोरडा ठणठणीत. लायटर खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, त्याची जातच तशी.

गॅसच्या लायटरमध्ये दाबाखाली द्रवरूप झालेला ब्यूटेन असतो. टाकी बंद, त्यामुळे महिनोन्महिने ठेवला तरी गॅस तसाच राहतो. ज्योत स्वच्छ, वास जवळपास नाही. पण ब्यूटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला उकळतो, त्यामुळे गोठवणाऱ्या थंडीत त्याची वाफच नीट होत नाही. महाराष्ट्रात ही अडचण कधी यायची नाही. लडाखला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी मात्र लायटर आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावा.

थोडक्यात, रोज वापरणार असाल तर नॅफ्था चालेल. आठवड्यातून एकदा लागणार असेल तर गॅसच घ्या.

झिप्पोचं एवढं कौतुक कशासाठी?

झिप्पो हा नॅफ्थाचा लायटर. जॉर्ज ब्लेसडेल यांनी 1932 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड या गावी कंपनी काढली. एका बोजड ऑस्ट्रियन लायटरला सुधारून त्यांनी झाकण बिजागरीने अंगाला जोडलं आणि वातीभोवती भोकांची चिमणी ठेवली. 1933 च्या सुरुवातीला पहिला लायटर बाजारात आला तेव्हा किंमत होती 1 डॉलर 95 सेंट. पेटंट 1936 चं. आजही चिमणीला दोन्ही बाजूंना आठ-आठ भोकं असतात. वारा आत शिरतो, पण ज्योत विझवण्याइतका जोर त्याच्यात उरत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांच्या खिशांतून तो जगभर पोचला. तेव्हा पितळ युद्धाच्या कामाला लागत असल्याने लायटर पोलादी पत्र्याचे केले आणि त्यांवर काळा खरबरीत रंग दिला.

पण कौतुक खरं करायचं ते हमीचं. लायटर कितीही जुना असो, यंत्रणा बिघडली तर कंपनी फुकट दुरुस्त करते. वरचा मुलामा गेला, चरे पडले तर ते त्यात येत नाही. रचनाच इतकी साधी की हमी देणं कंपनीला परवडतं: बाहेरची डबी आणि आत सरकवायचा गाभा. गाभा बदलला की लायटर नवा.

झिप्पो ‘लक्झरी’ आहे का, असंही विचारतात. माझ्या मते नाही. साध्या मॉडेलला काही हजार रुपये लागतात हे खरं, पण स्वभावाने तो हत्यारांच्या पेटीतला आहे, दागिन्यांच्या नव्हे. सोन्याचा मुलामा दिला तरी गाभा तोच.

झिप्पोत पंपावरचं पेट्रोल किंवा रॉकेल चालतं का?

पेट्रोल पेटतं, पण घालू नका. त्यात बेन्झीनसारखी घातक द्रव्यं असतात, काजळी धरते, वास हाताला आणि खिशाला दिवसभर राहतो. रॉकेल एवढं जड की ठिणगीने पेटतच नाही. लायटर फ्लुइडचा लहान डबा आणावा, तो बराच पुरतो.

ड्यूपाँ, डनहिल, कार्तिए यांत असं काय असतं?

इथे जरा थांबून सांगायला हवं, कारण या नावांबद्दल आपल्याकडे माहिती कमी आणि दबदबा जास्त.

एस. टी. ड्यूपाँ ही फ्रेंच कंपनी 1872 ची. अमेरिकेतल्या रसायनांच्या ड्यूपाँशी तिचा काही संबंध नाही. सुरुवात चामड्याच्या बॅगा आणि प्रवासी पेट्यांपासून झाली, कारखाना पुढे आल्प्सच्या पायथ्याशी फावेर्ज या गावी गेला. लायटरकडे ती वळली 1941 मध्ये आणि त्या गोष्टीत एक भारतीय धागा आहे. पतियाळाच्या महाराजांनी सोन्याच्या शंभर छोट्या बटवेवजा पेट्या मागवल्या, त्यांत लायटरही हवा होता, आणि त्यातून आपला पहिला खिशातला लायटर जन्मला, असं कंपनी स्वतः सांगते. गॅसचा लायटर त्यांनी 1952 मध्ये आणला.

ड्यूपाँचा लायटर हातात घेतल्यावर आधी जाणवतं ते वजन. अंग भरीव पितळेतून घडवलेलं, वर झाडाच्या चिकापासून केलेल्या लाखेचे थरावर थर, प्रत्येक थर वाळवून घासलेला. लिन्य 2 या मॉडेलचं झाकण उघडताना जो ‘क्लिंग’ आवाज येतो त्यावर लोक जीव टाकतात. झाकणाचा आकार, धातूची जाडी आणि आतला स्प्रिंग यांतून तो निघतो आणि प्रत्येक नगाचा सूर थोडा वेगळा लागतो. जुने लायटर विकत घेणारे पेटवून पाहण्याआधी झाकण उघडून ऐकतात. हा निव्वळ शौक आहे आणि शौक म्हणूनच त्याकडे पाहावं. नव्या लिन्य 2 ची किंमत लाखाच्या आसपास किंवा वरच जाते.

डनहिल ही लंडनची. त्यांचा ‘युनिक’ 1920 च्या दशकातला, एका हाताने पेटवता येणाऱ्या पहिल्या लायटरांपैकी एक. 1956 च्या ‘रोलागॅस’मध्ये बाजूला आडवा रूळ असतो, तो अंगठ्याने ओढला की ठिणगी पडते. कार्तिएने 1968 मध्ये उंच, निमुळता, लंबगोल लायटर आणला. दिसायला तिघांत तोच देखणा, पण उभा धरल्याशिवाय हाताला नीट बसत नाही.

रोजच्या वापरासाठी स्वस्तातला चांगला कोणता?

क्लिपर. स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या फ्लामागास कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेला हा नळीसारखा गोल लायटर बुडाशी गॅस भरून घेतो आणि खड्याचा दांडा वरून ओढून काढता येतो. खडा संपला तर दांडा बदला, लायटर चालू. (तोच दांडा तंबाखू दाबायला वापरणारेही आहेत.) प्लास्टिकचा आहे, पडला तर टवका उडेल, पण शंभरेक रुपयांच्या वस्तूकडून यापेक्षा जास्त मागू नये.

नॅफ्थाच हवा असेल तर ऑस्ट्रियाच्या इम्कोचा ‘ट्रिप्लेक्स’. 1930 च्या दशकातली रचना, पत्र्याचा, झाकण उघडताच ठिणगी. मूळ कंपनीने 2012 मध्ये उत्पादन थांबवलं, आता जपानी कंपनीकडून येतो. दिसायला हत्यारासारखा, चालायला भरवशाचा.

गॅस नीट भरायची पद्धत कोणती?

बहुतेक लायटर बिघडत नाहीत, चुकीचे भरले जातात. खिडकी उघडी ठेवा, जवळपास शेगडी किंवा दिवा नको. ज्योतीचा स्क्रू सगळ्यात खालच्या खुणेवर आणा. आता महत्त्वाची पायरी, जी सगळे गाळतात: लायटर उलटा करून बारीक पेचकसाने व्हॉल्व्ह दाबा आणि आत उरलेलं सगळं बाहेर सोडा. टाकीत हवा साचलेली असते. ती काढली नाही तर गॅस निम्माच जातो आणि ज्योत थरथरते.

मग लायटर उलटाच धरायचा, म्हणजे व्हॉल्व्ह वर. गॅसचा डबाही उलटा करून वरून सरळ उभा दाबायचा, तिरका नाही. पाच-सहा सेकंद पुरे. बाजूने फवारा उडू लागला की थांबा. भरताना लायटर गार पडतो, म्हणून लगेच पेटवू नका. पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, सांडलेला गॅस उडून जाऊ द्या, हात पुसा, मग चेहऱ्यापासून लांब धरून पेटवा.

गॅस लायटरसाठीचा, शुद्ध केलेलाच घ्या. स्वस्त डब्यातल्या तेलकट अंशाने बारीक नोझल बुजतं. घरच्या सिलिंडरमधून भरायचे उद्योग अजिबात करू नका. त्या गॅसमध्ये प्रोपेनही असतो, त्याचा दाब ब्यूटेनपेक्षा बराच जास्त आणि लायटरची टाकी त्यासाठी बनलेली नसते. ड्यूपाँसारख्यांचे स्वतःचे डबे असतात आणि वेगवेगळ्या मॉडेलसाठी ते रंगांवरून ओळखायचे असतात. सोबतची पुस्तिका जपून ठेवा.

झिप्पोचं निराळं. गाभा बाहेर ओढा, खालचा नमदा उचला, कापसावर फ्लुइड हळूहळू मुरवा, वर तरंगायला लागण्याआधी थांबा. बाहेरून कोरडा पुसल्याशिवाय पेटवू नका.

ठिणगी पडते, पण पेटत नाही. काय बिघडलं?

नॅफ्थाचा असेल तर बहुतेक वेळा इंधन संपलेलं असतं. नसेल तर वातीचं टोक जळून काळं-कडक झालेलं असतं. चिमट्याने थोडी वर ओढा, जळका भाग कापा. गॅसचा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे हवा काढून पुन्हा भरा. तरीही नाही, तर नोझलमध्ये खिशातला कचरा अडकलेला असतो. खिशातला धुरळा हा लायटरचा सगळ्यात मोठा शत्रू आहे.

खडा चांगला की बटण दाबून पेटणारा?

खडा. चाकाने तासला जाणारा हा खडा म्हणजे आजोबांच्या चंचीतली गारगोटी नव्हे. गारगोटीवर चकमक आपटली की ठिणगी पोलादाची उडते. इथे उलट, खडाच पेटतो. सिरियमसारख्या धातूंत लोखंड मिसळून हा मिश्रधातू ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी 1903 मध्ये बनवला. त्याचा कीस हवा लागताच स्वतःहून पेट घेतो. आजचे सगळे चाकवाले लायटर त्यावरच चालतात.

बटणवाल्यात पीझो असतो: आतला हातोडा एका स्फटिकासारख्या कडक सिरॅमिक तुकड्यावर आपटतो आणि काही हजार व्होल्टची ठिणगी निघते. खडा बदलायची कटकट नाही, पण पीझो गेला की घरी दुरुस्त होत नाही. शिवाय विरळ हवेत तो दगा देतो. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांनी एक चाकवाला सोबत ठेवावा, काडेपेटीही ठेवावी. जोराची निळी ज्योत सोडणारे जेट लायटर बहुधा पीझोचेच असतात. सिगारला उत्तम, बाकी कामांना जरा अतीच.

जुन्या बाजारात मिळालेला झिप्पो खरा कसा ओळखायचा?

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात ‘अमेरिकन आर्मीचा’ म्हणून हमखास एखादा पुढे केला जातो. बूड पाहा. 1986 पासून झिप्पोच्या बुडाशी डाव्या बाजूला महिन्याचं अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. उजव्या बाजूला वर्ष, 2000 पर्यंत रोमन आकड्यांत आणि 2001 पासून साध्या दोन आकड्यांत. रोमन आकडे असतील तर तो व्हिएतनामच्या लढाईतला असूच शकत नाही, कारण ती लढाई 1975 मध्ये संपली. अक्षरं पुसट, वाकडी, खोली कमी-जास्त असेल तर नकली समजा. गाभ्यावरचं वर्ष डबीपेक्षा वेगळं निघालं तर मात्र घाबरू नका, दुरुस्तीत गाभा बदललेला असू शकतो.

टपरीवरचे दहा रुपयांचे लायटर कमी का झाले?

सरकारी बंदीमुळे. तामिळनाडूतल्या कोविलपट्टी-शिवकाशी भागातल्या काडेपेटी उद्योगाला स्वस्त आयात लायटरनी मेटाकुटीला आणलं होतं. डिसेंबर 2021 मध्ये काडेपेटी एका रुपयाची दोन रुपयांना झाली, त्यानंतर तर लायटरच स्वस्त वाटू लागला. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी 2022 मध्ये बंदीसाठी केंद्राला पत्र लिहिलं. जून 2023 च्या अखेरीस 20 रुपयांपेक्षा कमी मूल्याच्या लायटरच्या आयातीवर बंदी आली. मग सुटे भाग आणून इथे जोडायची पळवाट निघाली, म्हणून ऑक्टोबर 2024 मध्ये सुट्या भागांच्या आयातीवरही बंदी घातली गेली.

यातून रिफिल होणाऱ्याचं पारडं आपोआप जड झालं. फेकायचा लायटर महागला की भरायचा परवडू लागतो.

विमानात नेता येतो का?

भारतातल्या विमानतळांवर नाही. खिशात नाही, हातातल्या बॅगेत नाही, चेक-इन सामानातही नाही. काही देशांत एक लायटर खिशात चालतो, तिकडून येताना कोणी अडवत नाही, पण पुढे मुंबईहून नागपूरचं विमान पकडताना तपासणीत तोच काढून घेतात. डनहिल असला तरी ट्रेमध्ये तो इतर लायटरांसोबतच पडतो. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवायचा असेल तर कधीही न भरलेला, नवा, खोक्यातला मागवा आणि एअरलाइनला आधी विचारा. झिप्पो कारखान्यातून कोराच येतो.

उन्हात गाडीत राहिला तर फुटेल का?

लायटरच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 9994. त्यात लायटर 65 अंशांत चार तास ठेवून पाहतात, दीड मीटरवरून पाडतात. चांगला लायटर त्यात टिकतो. पण मे महिन्यात अकोल्याला काच बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड याहूनही तापू शकतो. तिथे कुठलाच ठेवू नका, बिनानावाचा तर नाहीच.

देवघरात आणि शेगडीला यांतला कोणता वापरावा?

कोणताच नको. समईची वात लावताना खिशातला लायटर आडवा-उलटा धरावा लागतो आणि बोट भाजतं. त्यासाठी लांब नळीचा, गॅस भरता येणारा लायटर मिळतो, तो आणा. शेगडीचा ‘लायटर’ तर फक्त ठिणगी देतो, त्यात गॅस नसतोच. आणि झिप्पोने उदबत्ती लावली तर पहिला वास चंदनाचा येणार नाही.

मग हिशेबात कोणता बसतो?

निव्वळ पैशांचा हिशेब केला तर क्लिपर आणि गॅसचा एक डबा, विषय संपला. झिप्पो पहिल्या काही वर्षांत महागच पडतो, फ्लुइड आणि खडे धरून. पुढे तो हळूहळू फिटतो, कारण दुसरा घ्यावा लागत नाही. ड्यूपाँ कधीच फिटत नाही. त्याच्या व्हॉल्व्हमधली रबरी कडी काही वर्षांनी सुकते, गॅस झिरपू लागतो आणि तो कंपनीकडे किंवा जाणत्या कारागिराकडे पाठवावा लागतो. असा कारागीर आपल्याकडे सहज सापडत नाही. परदेशी पाठवणं, जकात, वाट पाहणं, सगळं तुमच्या माथी. दुरुस्तीची सोय आधी शोधून ठेवली नसेल तर लाखाचा लायटर घेऊ नका. वडिलोपार्जित मिळाला असेल तर मात्र जरूर दुरुस्त करून घ्या.

वर्षभर वापरायचा नसेल तर कसा ठेवावा?

गॅस सोडून द्या किंवा नॅफ्था उडून जाऊ द्या. त्यानंतर खडा काढा, हे बहुतेक जण विसरतात. दमट हवेत, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, जुना खडा फुगतो, भुगा होतो आणि नळीत असा घट्ट बसतो की ड्रिलनेच काढावा लागतो. खडा कागदात गुंडाळून वेगळा ठेवा. झिप्पोत तर नमद्याखाली सुटे खडे ठेवायची सवय असते, तेही काढा. लायटर मऊ कापडात, पुन्हा वापरताना आधी नवा खडा, मग इंधन.